सासूबाईंच्या पुस्तकातली फरसबी

९ ऑगस्ट १९८७, रविवार

वही घेतली. गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्हा दारुड्यांच्या बायकांची बैठक असते. तिथे सांगतात, नवऱ्याला जे बोलावंसं वाटतं ते वहीला बोला. वही उलट उत्तर देत नाही आणि तिच्या तोंडाला वासही येत नाही.

एमिलने सोडली त्याला आज तीनशे सेहेचाळीस दिवस झाले. आकडा मला पाठ असायचं कारण नाही, पण तो रोज सकाळी कॉफीच्या आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितो. दिवस जातो धान्याच्या कोठारावर काम करण्यात. खरी पंचाईत संध्याकाळी पाच ते सातची, कारण ती त्याची बाटलीची वेळ. घरी येतो आणि खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसतो. ते रिकामे हात मला बघवत नाहीत.

म्हणून त्याच्या आईचं पाककृतींचं पुस्तक काढलं. आमच्या चर्चमधल्या बायकांनी १९२९ साली छापलेलं, बोझेनाबाईंच्या हाताच्या तेलाने पानं पारदर्शक झालेली. ठरवलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करत जायचं. त्याने सोलायचं-चिरायचं, मी शिजवायचं. बघू किती दिवस टिकतं.

१३ ऑगस्ट, गुरुवार

पिठाचे उकडलेले गोळे. भिंतीवर मारले असते तर भिंत पडली असती. पुस्तकात लिहिलंय, ‘लोणी अंड्याएवढं’. कोणाच्या अंड्याएवढं, कोंबडीच्या की बदकाच्या? मग पाव भाजायचा होता. तिथे ‘भट्टी कडक तापवावी’, पुढे काही नाही. मी करवादले.

एमिल हसला. म्हणाला, आई भट्टीत हात घालून माउली मेरीची प्रार्थना म्हणायची. अर्ध्यात हात काढावा लागला तर भट्टी पावासाठी तयार. मी म्हटलं, मग पुस्तकात तसं लिहायला काय झालं होतं? तो म्हणाला, “ते काय लिहायचं? सगळ्यांनाच माहीत होतं.”

गोळे त्याने सगळे खाल्ले. बाविशीतला एमिल आठवला.

२२ ऑगस्ट, शनिवार

फरसबी उतू चालली आहे. एरवी मी ती फ्रीझरमध्ये टाकते, पण यंदा पुस्तकाप्रमाणे बरण्या भरल्या. पान चौतीस, कृती चार ओळींची: कोवळ्या शेंगा निवडा, बरण्या गच्च भरा, मीठ-पाणी घाला, कपडे उकळायच्या हंड्यात तीन तास उकळा. कॅरलने, म्हणजे आमच्या लेकीने, दोन नाताळांपूर्वी दाबाचा मोठा कुकर दिलाय. तो तळघरात खोक्यातच आहे. माझ्या आईच्या कुकरचं झाकण उडालं होतं, छताला पडलेला खड्डा अजून तसाच आहे. ज्या बायकांनी हे पुस्तक लिहिलं त्या हंड्यावर बरण्या लावून नव्वदीपर्यंत जगल्या. मला त्यांच्यापेक्षा शहाणं व्हायचं नाही.

नऊ बरण्या झाल्या. एमिलने फडक्यात धरून एकेक बाहेर काढली. मग आम्ही दोघं टेबलाशी बसून वाट बघत राहिलो. बरणी गार होताना झाकण आत ओढलं जातं तेव्हा टक् असा आवाज येतो. तो प्रत्येक आवाज मोजत होता. नवव्याला टाळी वाजवली. एवढ्याशावर मी नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. सुखाने रडायची सवय राहिलेली नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

वर्ष झालं. काल संध्याकाळी त्याच्या दारू सोडलेल्यांच्या बैठकीत पितळेचं पदक दिलं. ड्वेनने त्याच्या हातात ठेवलं. ड्वेन म्हणजे पिण्यातला त्याचा जुना जोडीदार आणि सोडण्यातला गुरू, वीस वर्षं पिऊन अकरा वर्षं कोरडा. एमिल ते पदक खिशातून सारखं काढून बघतो. मी पुस्तकातला खसखशीचा केक केला. जरा करपला.

मनातलं लिहायचं म्हणून लिहिते. मी अजून त्याच्या कोटाचे खिसे तपासते. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मी त्याचे डोळे बघत होते, लाल आहेत का म्हणून. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं. बावीस वर्षं पोळलंय.

२० सप्टेंबर, रविवार

व्लास्टामावशी जेवायला आल्या. सासूबाईंची धाकटी बहीण, वय शहाऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. फरसबीच्या दोन बरण्या उघडल्या होत्या. मी टेबल मांडेपर्यंत मावशींनी त्या परस्पर पातेल्यात ओतून गॅसवर चढवल्या आणि इतक्या उकळल्या की पार लगदा झाला. वर मीठ, खारवलेलं डुकराचं मांस, झालं. मी म्हटलं, मावशी, जरा अख्ख्या ठेवल्या असत्या. तर म्हणाल्या, “बोझेनापण अशाच करायची. रंग उतरेपर्यंत उकळायची आणि मगच चमचा घालू द्यायची. तू कालची पोर.”

बोझेनाबाईंच्या हाताला चव होती म्हणतात, पण भाज्यांचा जीव घ्यायची खोड होती असं दिसतं. पुढच्या वेळी मी माझ्या पद्धतीने करणार.

११ ऑक्टोबर, रविवार

पान अठ्ठावन्न, फरसबीची कोशिंबीर. बरणीतल्या शेंगा निथळून, वर कच्चा कांदा, व्हिनेगर, साखर, मोहरीची पूड. गॅस पेटवायलाच नको. बरणीचं झाकण हाताला सहज आलं. बरं वाटलं, कारण माझं मनगट हल्ली दुखतं आणि आधीच्या बरण्यांशी झोंबावं लागलं होतं.

शेंगा अख्ख्या राहिल्या, लगदा झाला नाही. मला कच्चा कांदा आणि व्हिनेगर सोसत नाही, म्हणून चव एमिललाच बघायला लावली. त्याने दोनदा वाढून घेतली. म्हणाला, “आईची अशी कधी झाली नाही.” एवढी मोठी दाद त्याने लग्नातसुद्धा दिली नव्हती. उरलेली उद्याच्या डब्याला भरली.

चारशे नऊ. मी आज खिसे तपासले नाहीत. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर त्याला कळेल की एरवी तपासते.

१२ ऑक्टोबर, सोमवार

कापणीचे दिवस, कोठारावर ट्रकांची रांग. दमून आला. तोंड कोरडं पडलंय म्हणाला, तीन पेले पाणी प्यायला आणि गिळताना तोंड वाकडं केलं. बटाटे सोलायला बसला नाही. पेपर डोळ्यांजवळ नेत होता, लांब नेत होता. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हटलं.

कोरडं तोंड. मला ते माहीत आहे.

१३ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

ये रे माझ्या मागल्या.

सकाळी कॅलेंडरसमोर उभा राहून एक डोळा हाताने झाकून आकडा लिहीत होता. ४११ लिहिला तो आजच्या चौकटीत सुरू केला आणि उद्याच्या चौकटीत संपवला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, दोन दोन दिसतंय. शब्द तोंडात मावत नव्हते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ते डोळे मी बावीस वर्षं पाहिले आहेत, मला कोणी शिकवायला नको.

तोंडाचा वास घेतला. वास नाही. म्हणजे व्होडका. ट्रक पाहिला, पिठाचा डबा पाहिला, संडासची टाकी, कोंबड्यांचं खुराडं, तळघर सगळं पालथं घातलं. कुठे काही नाही. वर्षभरात दारू सुटली नाही, लपवायची कला मात्र वाढली. परत आले तर पायरीवरून घसरून अंगणात बसला होता. मान धरवत नव्हती. मला म्हणाला, “आर्लीन, मी प्यायलो नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्याआधी मीच म्हणू शकते.

मग मी काय केलं तेही लिहिते. आत जाऊन काळ्या जाड पेनाने आजची चौकट खरडून टाकली आणि शेजारी शून्य काढलं. कॅलेंडर त्याच्यासमोर धरलं. तो बघत राहिला. रडतोय का ते कळेना, चेहरा हलतच नव्हता. मी म्हटलं, “एवढं वर्ष मला मूर्ख बनवलंस. आता एकदाचा मर, म्हणजे मी सुटेन.”

बैठकीत सांगतात, पडला तर उचलायचं नाही. त्याच्यासाठी कामावर फोन करायचा नाही. त्याचं पडणं त्याला भोगू द्यायचं. आजपर्यंत मला ते जमलं नव्हतं. आज जमलं. पिशवी भरली आणि मावशींकडे निघून आले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मावशींना सांगितलं, पुन्हा सुरू झाली. त्या म्हणाल्या, त्याच्या बापाचंही तसंच होतं, शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मला कॉफी दिली.

सहा वाजता फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे नुसती घरघर आणि जिभेचा गोळा. एक शब्द धड नाही. मी म्हटलं, आधी शुद्धीवर ये, मग बोलू. ठेवून दिला. पुन्हा वाजला नाही. आज मला माझा अभिमान वाटतोय. पहिल्यांदाच मी ठाम राहिले.

१४ ऑक्टोबर, बुधवार

एमिल लिंकन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. श्वास मशीन घेतंय.

काल रात्रीच्या बैठकीला तो गेला नाही, वर्षभरात पहिल्यांदाच. म्हणून ड्वेन सकाळी कामावर जाण्याआधी घरी गेला. एमिल स्वयंपाकघरात जमिनीवर होता, फोन दोरीला लोंबत होता. ड्वेनने मावशींकडे फोन केला. म्हणाला, “मी वीस वर्षं प्यायलोय, आर्लीन. पिऊन पडलेला माणूस असा नसतो.”

१७ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांनी विचारलं, त्याने काय काय खाल्लं. मी सांगत गेले. घरच्या बरण्या म्हटल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. सरकारी माणसं घरी जाऊन सहा बरण्या घेऊन गेली, उष्टा डबासुद्धा.

डॉक्टर म्हणाले, फरसबीत मातीतले जंतू असणार, ते नुसत्या उकळत्या पाण्याला जुमानत नाहीत. तीन तास काय, दिवसभर उकळा. हवा नसलेल्या बरणीत आरामात वाढतात. त्यांना मारायला दाबाचाच कुकर लागतो. विष नसा बांधून टाकतं, आधी डोळे, मग जीभ, घसा, मान, हात, शेवटी छाती. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना पहिल्यांदा वाटतं की माणूस प्यायलाय.

औषध दिलंय. ते पुढचं विष अडवतं, झालेलं उलटवत नाही. मी विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? ते चांगले गृहस्थ आहेत. खिडकीकडे बघत म्हणाले, तसा विचार करू नका.

कॅरल आली आहे. तिला बरण्यांचं सांगितलं. शून्याचं सांगितलं नाही. फोनचंही नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

मावशींना विचारायला गेले. पुस्तक घेऊनच गेले, ते पान त्यांच्यासमोर आपटलं. म्हटलं, हे बघा, शब्द न शब्द पाळलाय.

मावशींनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. पण उघडल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटं खळाखळा उकळायची, पोरी. त्याआधी बोटसुद्धा चाटायचं नाही. बरणीतली फरसबी कोणी गार खातं का? ती कोशिंबीर ताज्या उकडलेल्या शेंगांची.”

मी ओरडले. हे कुठे लिहिलंय, दाखवा मला.

“ते काय लिहायचं?” मावशी म्हणाल्या. “सोळा साली शेजारच्या हुबाच्या घरातली तिघं एका आठवड्यात गेली. त्यानंतर आमच्यात पाच वर्षांच्या मुलीलाही ठाऊक होतं. ते लिहून ठेवावं लागेल असं कोणाच्या मनात येणार?”

मग म्हणाल्या, “त्या दिवशी मी उकळली तेव्हा का ते सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुला माहीतच असेल.” आणि त्या बाई, ज्यांना मी त्यांच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं, त्या रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं नाही. तेवढं मोठं मन नाही माझं.

१ नोव्हेंबर, रविवार

मावशींचं डॉक्टरांना विचारलं होतं, तर म्हणाले, जंतू उकळीने मरत नाहीत, पण त्यांनी सोडलेलं विष दहा मिनिटांच्या उकळीने मोडतं. आज ते सहज बोलून गेले आणि मी बसलेली उभी राहिले. या विषाने फक्त स्नायू जातात. डोकं अगदी साफ राहतं. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून.

म्हणजे अंगणातसुद्धा. मी म्हटलेलं त्याने ऐकलं, त्याला कळलं, आणि उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

नर्स रोज सकाळी त्याची पापणी बोटाने उचलते, सुप्रभात म्हणते आणि आजची तारीख सांगते. तेव्हा तो बघतो. मी समोर जाते. माझ्या चेहऱ्याने काय सांगायचं ते मला कळत नाही, मग मी स्वयंपाकाचं बोलते. म्हटलं, पुस्तक मी मिटून ठेवलंय.

८ नोव्हेंबर, रविवार

उजव्या हाताची तर्जनी हलते. परवा हलली, काल निश्चित झालं. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. नर्सने अक्षरांची पाटी आणली. ती एकेका अक्षरावर बोट नेते, हवं ते आलं की तो टिचकी मारतो. एका शब्दाला दहा मिनिटं लागतात.

मी कालपासून तयारी केली होती. तो काय म्हणेल याची. पाणी म्हणेल, किंवा कॅरलचं नाव. किंवा ‘का’. त्याचंही उत्तर मी जुळवलं होतं, आणि ते गाडीत स्वतःला ऐकवलं तेव्हा थुंकावंसं वाटलं होतं.

त्याने विचारलं, आज कितवा.

नर्सला वाटलं तारीख हवी. तिने आठ नोव्हेंबर सांगितलं. दोन टिचक्या. मला कळलं होतं. हे उत्तर तरी मी देऊ शकत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. बारा ऑक्टोबरला चारशे दहा होता, तिथून पुढे. म्हटलं, “चारशे छत्तीस, एमिल.”

दोन टिचक्या.

पुन्हा मोजलं. चारशे छत्तीस. दोन टिचक्या. नर्स म्हणाली, दमले असतील, राहू द्या. पण त्याचं बोट चादरीवर आपटतच राहिलं, दोन, दोन, दोन. मशीनची घंटी वाजायला लागली. मी तिसऱ्यांदा मोजायला घेतलं आणि माझं बोट बारावरून सरळ चौदावर गेलं. तेरा तारीख मी मोजतच नव्हते. हे हॉस्पिटलचं कॅलेंडर, यावर काळं काही नाही, तरी मी ती चौकट ओलांडत होते.

तो तिथे निपचित पडून, मिटल्या डोळ्यांनी, एकेक दिवस मोजत होता. तोही दिवस धरून.

मी म्हटलं, “चारशे सदतीस.”

एक टिचकी.

मी त्याच्या हातावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, तू प्यायला नव्हतास. एक टिचकी. मग विचारलं, मला माफ करशील का. बोट हललं नाही. नर्स म्हणाली, आता खरंच थकले. असेल तसंही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

परवा पहाटे गेला. मशीनवर इतके दिवस राहिलं की छातीत कफ साठतो म्हणतात, त्यात ताप चढला. कॅरल जवळ होती. मी वाटेत होते.

उद्या दफन. चर्चच्या बायका तळघरात जेवणाची तयारी करतायत. मला कोणी काही आणायला सांगितलं नाही. ड्वेन पदक घेऊन आला होता. हॉस्पिटलने कपड्यांबरोबर त्यालाच दिलं होतं. मी म्हटलं, त्याच्या खिशात ठेव. मला ते ठेवायचा हक्क नाही.

पुस्तक जाळणार होते. जाळलं नाही. कॅरल ते मागतेय. पान चौतीस आणि पान अठ्ठावन्न, दोन्हीवर शाईने लिहिलं, मोठ्या अक्षरात. सगळ्यांना माहीत असलं तरी लिहिलं.

मग कॅलेंडर काढलं. तेरा तारखेचं काळं जात नाही. खोडरबराने कागद फाटायला लागला. शेवटी शेजारच्या शून्याच्या पोटात, मावेल तेवढ्या बारीक, ४११ लिहिलं. मग पुढच्या चौकटी भरत गेले, पेन्सिलीने, तो लिहायचा तसे सरळ आकडे. अठरा नोव्हेंबरला चारशे सत्तेचाळीस. पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजून पाहिलं. बरोबर आहे.